गाडीचं सर्व्हिसिंग घरी: काय आपण करायचं, काय मिस्त्रीवर सोडायचं



आजची नोंद द्राक्षाची नाही, गाडीची आहे. ऑक्टोबर छाटणी जवळ आली की फोन येतात ते पेस्टचे, पाण्याच्या पीएचचे आणि डाऊनीचे. पण या महिन्यात दोघा-तिघांनी वेगळंच विचारलं. "तुम्ही म्हणं गाडीचं ऑइल घरीच बदलता. खरं का? जमतंय का?" जमतंय. तीन वर्षं झाली. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथंच सविस्तर लिहितो.

गाडी साधीच आहे. २०१४ ची अल्टो ८००, पेट्रोल, सेकंडहँड घेतलेली. ७९६ सीसीचं, तीन सिलेंडरचं इंजिन. बोनेट उघडलं की जवळजवळ सगळं डोळ्यासमोर दिसतं आणि हाताला लागतं. अशा गाडीचं नेहमीचं सर्व्हिसिंग म्हणजे काही रॉकेट नाही. ज्याला एसटीपीची गास्केट बदलता येते, ब्लोअरचे नोझल साफ करता येतात, मोटरचा स्टार्टर उघडून बघता येतो, त्याला हे नक्की येतं.

पण मी हे हौसेनं सुरू केलेलं नाही. माझ्या आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, सोमवारी आणि गुरुवारी, मिरजेला. घरापासून चाळीसेक किलोमीटर. सकाळी सहाची पाळी, म्हणजे घरातून पाचच्या आत निघावं लागतं. त्या वेळेला वस्तीवर ना रिक्षा, ना वडाप. किडनी काम करत नसली की अंगातलं पाणी बाहेर पडत नाही. एक पाळी चुकली की पायाला सूज, दुसऱ्या दिवशी धाप. आई रविवारी रात्री झोपताना न चुकता विचारते, "आरं, गाडी तयार हाय न्हवं?" त्या प्रश्नाला मला 'होय' म्हणायचं असतं, आणि ते खात्रीनं म्हणायचं असतं. ती खात्री दुसऱ्याच्या पावतीवर मिळत नाही.

पावतीचंही सांगतो. एका सर्व्हिसिंगला बिलात नवा एअर फिल्टर लावलेला होता. घरी आल्यावर सहज डबा उघडला तर आत जुनाच, काळाकुट्ट, वर वाळलेला पालापाचोळा. परत गेलो, दाखवला, त्यांनी बदलून दिला. सगळे तसे नसतात, चांगले मिस्त्री आहेत म्हणून तर आपली जुनी वाहनं चालतायत. पण त्या दिवशी ठरवलं, जे उघडून बघता येतं ते आपण स्वतः बघायचं.

आता कामाचं बोलू.

ऑइल आणि ऑइल फिल्टर. मॅन्युअलमध्ये १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते, असं असतं. पण त्याच मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळं, लवकरचं वेळापत्रक असतं, ते कोणी वाचत नाही. आपला रस्ता म्हणजे अर्धा मुरूम आणि अर्धे खड्डे. माझी गाडी वर्षाला साडेबारा हजाराच्या आसपास फिरते, त्यातली आठ हजार तर मिरजेचीच. म्हणून मी वर्षातून दोनदा बदलतो. एकदा ऑक्टोबर छाटणीच्या आधी, एकदा माल उतरल्यावर खरड छाटणीच्या आधी. छाटणीला बांधून घेतलं की तारीख विसरत नाही.

इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करायचं, मग बंद. कोमट ऑइल पातळ असतं, घाण घेऊन खाली येतं. कडक गरम असताना हात घालू नका, भाजतं. खाली घमेलं ठेवून ड्रेन नट सोडायचा. नटाला पाना नीट बसणाराच घ्या, ढिल्या पान्यानं नटाच्या कडा मारल्या जातात. नटाबरोबरचा वायसर दर वेळी नवा टाका, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे. नट पहिल्यांदा हातानं फिरवायचा, आटे सरळ धरलेत याची खात्री झाली की मगच पाना. तिथं जोर दाखवायचा नाही. चेंबरचे आटे गेले तर शंभर रुपयांचं काम हजारांवर जातं.

नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटानं थोडं नवं ऑइल लावायचं. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बघायचं. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर तिथून ऑइल फवाऱ्यासारखं उडतं. फिल्टर हातानं आवळायचा, रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा. बस.

या इंजिनाला फिल्टरसकट पावणेतीन लिटरच्या आसपास ऑइल लागतं. डबा पूर्ण ओतायचा नाही. अडीच लिटर टाका, एक मिनिट इंजिन चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, गाडी सपाट जागेवर असू द्या आणि मग पट्टी काढून बघा. दोन खुणांच्या मध्ये वरच्या अंगाला आलं की पुरे. जास्त ऑइल म्हणजे जास्त चांगलं असं नाही. युरियाचं जसं, तसंच.

आणि एक गोष्ट ठळक सांगतो. ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल गाडीत टाकू नका. ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० डिझेल इंजिनासाठी बनवलेलं असतं. लहान पेट्रोल इंजिनाला ते जाड पडतं, आणि त्यातले काही घटक पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतात. औषधाच्या बाटलीवरचं लेबल आपण वाचतो, डोस बघतो, काढणीपूर्व दिवस बघतो. ऑइलच्या डब्यावरही ग्रेड लिहिलेली असते. मॅन्युअलमधली ग्रेड आणि डब्यावरची ग्रेड जुळली पाहिजे, दुकानदार काय म्हणतो त्यावर जायचं नाही.

एअर फिल्टर. डब्याच्या क्लिपा सोडल्या की हातात येतो, पाच मिनिटांचं काम. ट्रॅक्टरच्या जुन्या ऑइलबाथ फिल्टरसारखा हा धुवायचा नसतो, हा कागदी आहे. पाणी किंवा डिझेल लागलं की कामातून गेला. कंप्रेसरची हवा मारायची तर कमी दाबानं आणि आतून बाहेर. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी रुतते. उजेडाकडं धरून बघा. प्रकाश दिसत नसेल तर नवा टाका, दोन-अडीचशे रुपयांत येतो. मळणीच्या हंगामात मी महिन्याला एकदा बघतो. त्या डब्यात उंदीर घर करतात तेही तेव्हाच कळतं. शेतातली सुगी संपली की उंदीर वस्तीकडं येतात आणि इंजिनाची ऊब त्यांना आवडते. वायर कुरतडलेली दिसली तर गाडी तशीच चालू करू नका.

स्पार्क प्लग. इंजिन पूर्ण गार असताना काढायचे. तीन प्लग आहेत, एका वेळी एकच काढायचा म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. काढायच्या आधी भोवतीची धूळ फुंकून घ्या, नाहीतर ती आत पडते. प्लगचं टोक बघणं म्हणजे पानाची पाठ बघण्यासारखं आहे, आत काय चाललंय ते तिथं दिसतं. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर तब्येत बरी. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी, म्हणजे आधी एअर फिल्टर बघा. ओलं, तेलकट काळं असेल तर इंजिन ऑइल खातंय. अगदी पांढरंफटक असेल तर आत प्रमाणाबाहेर गरम होतंय. तिन्ही एकसारखे आहेत का हे महत्त्वाचं. एकच वेगळा दिसला तर दुखणं त्या एका सिलेंडरचं. माझी मुलगी दहावीत आहे, प्लग ओळीनं ठेवून ती मोबाईलवर फोटो काढते. मागच्या खेपेचा फोटो शेजारी ठेवला की फरक लगेच कळतो.

कूलंट आणि पाणी. हा मुद्दा आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या बोअरचं पाणी कसं आहे हे ड्रिपरच्या तोंडावरचा पांढरा थर सांगतो. तो थर काढायला आपण लाइनीतून ॲसिड सोडतो. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतलं तर तसाच थर आतल्या बारीक नळ्यांत बसतो, आणि तिथं ॲसिड सोडायची सोय नाही. मग उन्हाळ्यात घाटाला गाडी तापते. कूलंट तयार मिळतं तेच टाका, किंवा कडक मिळालं तर डिस्टिल्ड वॉटर घालून डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात पातळ करा. घरातलं आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. आणि रेडिएटरचं टोपण गरम असताना कधीच उघडायचं नाही. आत दाब असतो, उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं. मी बाहेरच्या टाकीची खूण बघतो, गार इंजिनावर.

बॅटरी. इथं माझा सगळ्यात जास्त जीव अडकलेला असतो, कारण पहाटे पाचला गाडी लागली नाही तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. टर्मिनलवर पांढरी-निळसर पावडर जमली तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घासायची, कोरडं करायचं आणि वर व्हॅसलीन लावायचं. सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना शेवटी निगेटिव्ह. हा क्रम पाळला तर पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही.

मोटरचं बघायला आपल्या सगळ्यांकडं मल्टिमीटर असतोच. तोच इथं वापरा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी चालू न करता बघा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. गाडी चालू केल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आलं पाहिजे, म्हणजे अल्टरनेटर चार्जिंग देतोय. दोन आकड्यांत दोन गोष्टी कळतात. चालू गाडीवर व्होल्ट वाढलेच नाहीत तर दोष चार्जिंगचा. वाढतात पण रात्रीत परत पडतात, तर बॅटरी म्हातारी झाली किंवा कुठंतरी करंट खातंय.

मागच्या जानेवारीत कडाका होता. शनिवारी सकाळी माझ्या मीटरवर १२.१ आलं. चालू केल्यावर १४.१. गाडी त्या दिवशी एका झटक्यात लागली होती, कोणी म्हणालं असतं काही झालेलं नाही. पण वहीत महिन्यापूर्वीचा आकडा १२.५ होता आणि बॅटरी पाच वर्षांची होती. तरी रात्री दिवा वगैरे काही चालू राहत नाही ना ते बघितलं. नव्हतं. घरात बोलणं झालं, "आत्ताच बेदाण्याच्या शेडचा खर्च झालाय, आणखी महिनाभर ढकलू या का?" मी म्हटलं, सोमवारची पाळी ढकलता येणार असेल तर बॅटरीही ढकलू. शनिवारी दुपारी नवी बसवली. दुकानदारानं जुनी लोड लावून तपासली, लोड लावला की व्होल्ट धाडकन खाली. दुकानदार म्हणाला, "मालक, ही आणखी एक-दोन गार रात्री काढली असती का नाही, सांगता येत नाही." सोमवारी पाचला आम्ही नेहमीसारखे निघालो. गोष्ट एवढीच आहे. काही घडलं नाही, हीच तर सर्व्हिसिंगची कमाई.

टायर. हवा नेहमी गार टायरवर बघायची, लांबून आल्यावर नव्हे. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. स्टेपनीची हवा दर महिन्याला बघा, तिची आठवण पंक्चर झाल्यावरच होते. टायरच्या खाचेत आडवे उंचवटे असतात. रबर झिजून त्या उंचवट्याला टेकलं म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, टायर बदलायचा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. समजा २३१९ असेल, तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. सेकंडहँड गाडी घेताना हे आकडे बघा, म्हणजे "टायर नवीन आहेत" यातलं खरं किती ते कळतं.

पेट्रोलचे पाइप. २०१४ साली ही गाडी बनली तेव्हा पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल नव्हतं. आता आहे. आपल्याच उसातून ते जातंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या गाडीचे रबरी पाइप, जोड आणि सील आपण अधूनमधून बघितले पाहिजेत. भेग, फुगवटा, ओलसरपणा किंवा वास आला की पाइप बदलून घ्यायचा.

आता जे मी करत नाही ते.

ब्रेकचं काम मी हातात घेत नाही. फक्त बघतो. ब्रेक ऑइलची पातळी खुणेच्या खाली गेली तर वरून भरून मोकळं व्हायचं नाही. एकतर पॅड झिजलेत, नाहीतर कुठं गळतंय. दोन्हींत गाडी मिस्त्रीकडं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळं ते ठरलेल्या मुदतीत, साधारण दोन वर्षांनी, बदलून घ्यावं लागतं. क्लच, स्टिअरिंग, टायमिंग आणि एसीचा गॅस यातही मी पडत नाही. आमचा मिस्त्री चांगला आहे. त्याला सांगून ठेवलंय की बारीकसारीक मी बघतो, मोठं तुम्ही बघा. तो उलट खूश आहे. आता मी "गाडी आवाज करतीय" एवढंच सांगत नाही, कधी करतीय, गार असताना की गरम असताना, वळताना की ब्रेक मारताना, हे सांगतो. पीक दवाखान्यात नुसतं "पान पिवळं पडलंय" सांगणारा आणि "खालची पानं, शिरांमधला भाग, आठ दिवसांपासून" सांगणारा, यात जो फरक तोच.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच नाही. गाडीबरोबर आलेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. सपाट, टणक जागा, हँडब्रेक, पहिला गिअर, जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, आणि गाडी लोखंडी घोडीवर टेकवलेली. मग एकदा हातानं हलवून बघायची. घरात कोणी नसताना मी गाडीखाली जात नाही. हे कितीही गडबड असली तरी पाळायचं.

आणि निघालेलं काळं ऑइल. हे शेतकऱ्यानं शेतकऱ्याला सांगायला पाहिजे. ते बांधावर, ओढ्यात, उकिरड्यावर ओतायचं नाही. वाळवीसाठी झाडाच्या खोडाला फासायचं तर मुळीच नाही. त्यात इंजिनाच्या झिजेचे धातू आणि जळून तयार झालेले विषारी घटक असतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल येतं, ते उगाच नाही. आपण एकीकडं शेणखत आणि जीवामृत टाकून माती जिवंत ठेवायला बघतो, रेसिड्यूचे रिपोर्ट काढतो आणि दुसरीकडं विहिरीच्या कडेला तीन लिटर काळं तेल ओततो, हे बरोबर नाही. मी जुन्या ऑइलच्या डब्यातच ते भरून ठेवतो आणि गोळा करणाऱ्याला माल देणाऱ्या गॅरेजात पोचवतो. जुनी बॅटरी दुकानदार परत घेतो, वर पैसेही वळते करतो.

खर्चाचा हिशोब विचारतात म्हणून वहीतला देतो. बाहेर एका सर्व्हिसिंगला माझे चार हजारांच्या वर जायचे. घरी ऑइल, फिल्टर आणि वायसर धरून दीड हजाराच्या आसपास बसतं. गोटी पान्यांचा सेट, दोन घोड्या आणि फिल्टर काढायचा पाना याला मिळून साडेचार हजार गेले, ते पहिल्याच वर्षी निघाले. वॉरंटीतली गाडी असेल तर मात्र हे करू नका, कंपनीच्या सर्व्हिसिंगची नोंद लागते.

पैशापेक्षा वही मोठी आहे. निर्यातीच्या बागेला आपण फवारणीची नोंद ठेवतो ना, तारीख, औषध, डोस, तशीच ही. तारीख, किलोमीटर, काय बदललं, व्होल्ट किती, प्लगचा रंग, टायरची हवा. मुलगी लिहिते, मी सांगतो. आता तर ती मला विचारते, "पप्पा, या महिन्याचा बॅटरीचा आकडा राहिला." तिला मी चाक बदलायलाही शिकवलंय. एखाद्या सोमवारी मी घरी नसलो, गाडी चालवायला चुलतभाऊ आला, तरी गाडीची तब्येत कशी आहे हे सांगणारं घरात आणखी कोणीतरी असलं पाहिजे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी लगेच ऑइल बदलायला जाऊ नका. या रविवारी गाडी सावलीत उभी करा, डॅशबोर्डातलं मॅन्युअल बाहेर काढा आणि फक्त चार गोष्टी बघा. एअर फिल्टर, ऑइलची पट्टी, बॅटरीचे व्होल्ट आणि स्टेपनीची हवा. अर्धा तास लागतो. चारही आकडे तारखेसकट कुठंतरी लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात परत बघा. दोन नोंदी शेजारी आल्या की गाडी तुमच्याशी बोलायला लागते.

पुढच्या नोंदीत छाटणीआधीचं माती आणि पाणी परीक्षण घेऊ.